चुकलं ते डोळ्याचं की हाताचं? ओसूच्या नवख्यांसाठी

माझ्या दुकानात झेरॉक्सचं मशीन आणि दोन जुने कॉम्प्युटर आहेत. दिवसभर सातबारा, पीकविमा, केवायसी. सात वाजता गर्दी ओसरली की गावातली तीन-चार पोट्टी येऊन बसतात आणि त्याच कॉम्प्युटरांवर ओसू, म्हणजे गाण्याच्या तालावर पडद्यावरचे गोल टिपायचा गेम, सुरू होतं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात हा गेम आणला माझ्या चुलतभावानं. तो अमरावतीला शिकायला होता, तिथून पेन ड्राइव्हमध्ये भरून आणला. आता आठवीतली पोरं त्याच्यापेक्षा बरी खेळतात, म्हणून तो आला की खुर्चीत बसतच नाही, मागे उभा राहून सल्ले देतो.

नवं पोरगं आलं की पंधरा दिवसांत त्याची तक्रार ठरलेली. "भाऊ, तीन स्टारच्या वर मले जमतच नाही. काऊन?" स्टार म्हणजे गाणं खेळायला किती अवघड याचं माप. मी उलट विचारतो, "गोल दिसला नाही, का दिसला पन हात पोचला नाही?" यावर बहुतेक जण गप्प होतात. चुकलं एवढं कळलेलं असतं, कशानं चुकलं ते नसतं. मग एकच गाणं दोन-दोन तास घासणं चालतं. ज्याचा हात आधीच चांगला आहे तो हाताचीच मेहनत करत राहतो आणि डोळा जिथल्या तिथे.

म्हणून या लेखात चूक ओळखायचं काम आधी आहे. सराव नंतर.

गेम मागतो काय

ओसू फुकट आहे. डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियातल्या प्रोग्रामरनं तो २००७ मध्ये काढला. मूळ कल्पना निन्टेंडो डीएसवरच्या एका जपानी गेमची, त्यात पेनानं थेट पडद्यावरच टोचायचं असे. कॉम्प्युटरवर पेनाच्या जागी माऊस आला आणि हात टेबलावर, निशाण पडद्यावर अशी फारकत झाली. नवख्याचा निम्मा त्रास इथूनच सुरू होतो.

पडद्यावर गोल उमटतो. त्याच्याभोवती मोठं कडं असतं, ते आवळत आवळत गोलाला टेकतं. त्या क्षणी कर्सर गोलावर हवा आणि बटण दाबलेलं हवं. काही गोलांना लांब शेपूट असतं, त्याला स्लायडर म्हणतात, तिथे बटण धरून ठेवून सरकत्या चेंडूमागे जायचं. अधूनमधून फिरकी येते, ती गरगर फिरवायची. माऊस उजव्या हातात, डाव्या हाताची दोन बोटं झेड आणि एक्सवर. गाण्याच्या या फायलींना बीटमॅप म्हणतात. त्या एकदा उतरवल्या की नेट नसलं तरी खेळता येतं. आमच्यासारख्या ठिकाणी हे फार मोलाचं.

तर कामं तीन. पुढचा गोल कुठला आणि तो कधी, हे ओळखणं. तिथे पोचणं. तालावर ठोकणं. खेळणारे यांना रीडिंग, एम आणि टॅपिंग म्हणतात. मी आपलं डोळा, हात आणि ठोका म्हणतो.

डोळा आणि हात वेगळे कसे, हे मला कळलं ते कापसाच्या वावरात. वेचणीच्या वेळी माझी आई पात धरून चालते तेव्हा तिचा हात या बोंडात असतो आणि नजर पुढच्या बोंडावर गेलेली असते. हाताकडे ती बघतच नाही. मी मात्र एक बोंड बघतो, वेचतो, मग मान वर करून पुढचं शोधतो. माझी बोटं तिच्याइतकीच चालतात, तरी ती पातीच्या टोकाला पोचते तेव्हा माझी ओटी अर्धीही भरलेली नसते. कोणी म्हणेल, याचा हात हळू आहे. हात हळू नाही, डोळा हातासाठी थांबून राहतो.

सामान आधी निस्तरा

सामानाचा दोष डोळ्यावर किंवा हातावर ढकलू नये, म्हणून ही कामं पहिल्याच दिवशी उरका.

ब्लूटूथचा नेकबँड काढून ठेवा. त्यातून आवाज उशिरा येतो, आणि हा उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या वर जातो. कान एक सांगतो, कडं दुसरं सांगतं. वायरचा साधा इयरफोन लावा. कूलरच्या घरघरीत स्पीकरवर खेळणं म्हणजे जत्रेत भजन ऐकणं.

विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' असा एक टिक असतो, तो काढा. तो असला की माऊस जोरात हलवल्यावर कर्सर जास्त अंतर जातो आणि हळू हलवल्यावर कमी. हाताला अंतराची सवय लागणार कशी? माऊसचा वेग एकदा ठरवला की महिनाभर त्याला हात लावू नका. चार-पाच इंचांत कर्सर पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला गेला की पुरे.

गेममध्ये 'बॅकग्राउंड डिम' पूर्ण वाढवा, मागची चित्रं काळी होऊ द्या. कर्सर थोडा मोठा करा.

माऊसखाली चकचकीत सनमायका असेल तर वहीचा जाड पुठ्ठा ठेवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तळहाताला घाम सुटतो आणि हात टेबलाला चिकटतो. तेव्हा मनगटाखाली सुती रुमाल घ्या. एवढ्यावर भागतं. महागड्या माऊसचं नंतर बघू.

वही काढा

एक मॅप निवडा. तो पार होतो, पण दहा-वीस गोल सुटतात, असा. एकदाच खेळा. मग निकालाच्या पानावरून रिप्ले लावा आणि वेग अर्धा करा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा, डोळा, हात आणि ठोका. प्रत्येक चुकीला रिप्ले थांबवून एक रेघ ओढायची.

कर्सर गोलाच्या आत होता आणि तरी चुकला, तर रेघ ठोक्याच्या रकान्यात. बटण लवकर दाबलं, उशिरा दाबलं किंवा दाबलंच नाही. हे ओळखणं सगळ्यात सोपं.

कर्सर बरोबर गोलाच्या दिशेनं निघाला, पण अलीकडेच थांबला किंवा पलीकडे घसरला, तर हात. लांब उड्यांमध्ये आणि बारीक गोलांवर हे जास्त दिसतं.

कर्सर भलत्याच गोलाकडे गेला, मधे घुटमळला, किंवा जुन्या जागीच बसून राहिला आणि मग एकदम झेपावला, तर डोळा.

इथवर कोणीही सांगेल. फसगत होते ती पुढे. डोळ्याला गोल उशिरा सापडला की हात घाईनं धावतो आणि घाईत पलीकडे घसरतो. रिप्लेत ही चूक अगदी हाताची वाटते. मी स्वतः दोन महिने अशा चुका हाताच्या रकान्यात मांडत होतो. तेव्हा कर्सर कुठे पोचला एवढंच बघू नका. आधीच्या गोलावरून तो कधी निघाला ते बघा. वेळेवर निघून चुकीच्या जागी पोचला तर दोष हाताचा. उशिरा निघाला तर कुठेही पोचो, दोष डोळ्याचा. अर्ध्या वेगात हे स्वच्छ दिसतं, फक्त बघायची सवय लागली पाहिजे. पहिली दहा मिनिटं शेजारी कोणाला तरी बसवा. स्वतःच्या चुकीला माणूस नरम असतो.

आमच्याकडच्या एका पोट्ट्याच्या पहिल्याच पानावर डोळ्याच्या रकान्यात अकरा रेघा निघाल्या आणि हाताच्या रकान्यात दोन. त्याआधी महिनाभर तो बापाकडे नव्या माऊससाठी हट्ट धरून होता.

शंका असेल तर

वहीनं उत्तर दिलं नाही तर आणखी तीन गोष्टी करून बघा.

एक, तोच मॅप लागोपाठ पाच वेळा खेळा. चुका झपाट्यानं कमी झाल्या, तर डोळा कच्चा होता, त्याचं काम पाठांतरानं भरून काढलं. पाचव्या खेपेलाही तेच गोल त्याच रीतीनं सुटत असतील तर हात किंवा ठोका.

दोन, मॉड वापरा, म्हणजे खेळाचे नियम बदलणारी गेममधलीच सोय. 'रिलॅक्स' लावलं की ठोका गेम मारतो, तुम्ही फक्त कर्सर न्यायचा. 'ऑटोपायलट' लावलं की कर्सर गेम नेतो, तुम्ही फक्त ठोका मारायचा. रिलॅक्समध्ये सगळं सुरळीत झालं तर दोष ठोक्याचा होता. यात मिळालेले गुण क्रमवारीत धरत नाहीत, आणि आपल्याला क्रमवारी नकोच आहे.

तीन, ही माझी आवडती. ओसूच्या लेझर आवृत्तीत 'डिफिकल्टी अ‍ॅडजस्ट' नावाचं मॉड आहे, त्यात मॅपचा एकच आकडा बदलता येतो. आधी फक्त सर्कल साइझ ४ वरून ३ करा. गोल साधारण १२ टक्क्यांनी मोठे होतात, बाकी काही बदलत नाही. चुका घटल्या तर हात. मग तो परत ४ करा आणि फक्त अप्रोच रेट, म्हणजे गोल ठोकायच्या किती आधी उमटतो ते, बदला. त्यानं फरक पडला तर डोळा. दोन्ही आकडे एकदम बदलू नका. वावराच्या एकाच तुकड्यात नवं बियाणं आणि नवं खत टाकलं तर पीक कशानं आलं ते कोण सांगणार?

हाफ टाइम मॉड या कामाला चालत नाही. त्यात गाणंच पाऊणपट वेगानं चालतं, म्हणजे डोळ्याला, हाताला आणि ठोक्याला, तिघांनाही सवलत मिळते.

डोळा

यावर जास्त बोलणार आहे, कारण आमच्या दुकानातल्या वह्यांत हाच रकाना आधी भरतो.

अप्रोच रेट, पोरांच्या भाषेत एआर, म्हणजे गोल उमटल्यापासून ठोकायच्या क्षणापर्यंत किती वेळ मिळतो ते. एआर ५ ला १२०० मिलिसेकंद मिळतात, ८ ला ७५०, ९ ला ६००, १० ला ४५०. नवख्याला वाटतं, जितका वेळ जास्त तितकं सोपं. मिनिटाला १८० ठेके असलेलं गाणं घ्या, एका ठेक्यात दोन गोल. म्हणजे दर १६७ मिलिसेकंदांना एक गोल. एआर ९ ला पडद्यावर एका वेळी तीन-चार गोल असतात. एआर ५ ला सात. वेळ दुप्पट मिळाला, पण गर्दीही दुप्पट झाली. कडी एकमेकांत गुंततात, कुठलं कडं कुठल्या गोलाचं ते कळत नाही.

म्हणून डोळ्याचा दोष दोन जातींचा असतो. गर्दी उलगडत नाही ही एक जात. त्यात एआर वाढवला की खेळ सुधारतो. दुसरी जात म्हणजे गोल दिसेपर्यंत वेळ निघून जातो. त्यात एआर कमी केला की सुधारतो. आपला दोष कुठल्या जातीचा, हे डिफिकल्टी अ‍ॅडजस्टमध्ये एकदा वर आणि एकदा खाली करून तपासा. दोन्हींवर औषध वेगळं आहे.

औषध सांगण्याआधी डोळ्याची मर्यादा सांगतो. हात लांब करून अंगठा समोर धरा. साधारण तेवढ्याच रुंदीचा भाग डोळ्याला एकदम स्पष्ट दिसतो, बाकी सगळं पुसट. आणि नजरेला एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायची तयारी करायलाच साधारण २०० मिलिसेकंद लागतात. वरच्या गाण्यात गोल दर १६७ ला येतोय. म्हणजे प्रत्येक गोलाकडे वेगळं बघायचं ठरवलं तर हिशोब जमतच नाही. चांगला खेळणारा तसं बघतही नाही.

पहिलीतलं लेकरू वाचतं कसं? क, म, ळ, कमळ. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत. तिसरीत गेलं की कमळ एकदम दिसतं, अक्षरं मोजावी लागत नाहीत. ओसूतही तेच. नवखा गोल वाचतो, मुरलेला आकृती वाचतो. हा त्रिकोण, हा चौकोन, ही इकडून तिकडे मागे-पुढे, ही पाचची लडी. आकृती ओळखली की नजर एकदाच तिथे जाते आणि पुढचे चार गोल हात आपोआप घेतो. तेवढ्या वेळात नजर पुढच्या आकृतीवर पोचलेली असते, आईच्या वेचणीसारखी.

आकृत्या ओळखायच्या तर त्या खूप बघितल्या पाहिजेत, आणि वेगवेगळ्या. इथे एकच मॅप घासणं नडतं. माझ्या चुलतभावानं एक गाणं इतक्या वेळा खेळलं की डोळे मिटूनही खेळेल. त्याच ताकदीचा दुसरा मॅप लावला तर अर्ध्यात बाद. त्याला गाणं पाठ होतं, वाचता येत नव्हतं.

तर हे करा. तुमच्या ताकदीपेक्षा जवळपास एक स्टार खालचे वीस-तीस मॅप उतरवून ठेवा. नो फेल मॉड लावा, म्हणजे मधे बाद होणार नाही. प्रत्येक मॅप एकदाच खेळायचा. चुकलं तरी पुन्हा सुरू करायचं नाही, पुढचा लावायचा. रोज असे पाच. पोरांना हे आवडत नाही, कारण गुण चांगले दिसत नाहीत. तरी करायला लावा.

दुसरा अभ्यास हात न लावता. ऑटो मॉड लावा, गेम स्वतः खेळतो. तुम्ही हात मांडीवर ठेवून कर्सरच्या आधी बोटानं दाखवायचं, आता इथे, मग तिथे. बोट कर्सरच्या पुढे राहिलं तर डोळा तयार आहे. बोट मागून धावत असेल तर अजून नाही. दोघं मिळून केलं तर मजाही येते. एक जण बोट दाखवतो, दुसरा ओरडतो, "अबे कुठी? वरते पाय ना!"

नजर कुठे ठेवायची, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कर्सरवर नाही, एवढं नक्की. कर्सर डोळ्याच्या कोपऱ्यातून जाणवतो, म्हणून तर तो मोठा करायला सांगितला. नजर पुढच्या आकृतीच्या मध्यावर, थोडी सैल. गोलातल्या आकड्यांवर फार विसंबू नका, वेगात ते वाचून होत नाहीत. एका रंगाच्या गोलांमध्ये ठिपक्यांची रेघ असते, ती मात्र कामाची. रंग बदलला की आकडा पुन्हा १ पासून सुरू होतो, आणि या दोन रंगांच्या मधे ती रेघ नसते. नवखे बहुतेक वेळा नेमके इथेच हरवतात. वहीत डोळ्याच्या रेघांपुढे 'रंग' असं लिहून बघा, किती निघतात ते.

आता ती तीन-चार स्टारची भिंत. मॅपच्या पातळ्या चढत्या क्रमानं इझी, नॉर्मल, हार्ड, इन्सेन अशा असतात. इझी आणि नॉर्मल मॅपमध्ये दोन गोलांमधलं अंतर आणि वेळ यांचं प्रमाण सारखं ठेवलेलं असतं. जवळ म्हणजे लगेच, दूर म्हणजे उशिरा. कोणी सांगत नाही, तरी डोळा हा नियम शिकून घेतो. हार्डमध्ये तो सैल होऊ लागतो, आणि चार स्टारपासून सुरू होणाऱ्या इन्सेनमध्ये मोडतो. तिथे दूरचा गोलही जवळच्याइतक्याच वेळात मागतात, गाण्यातला ठोका जोरदार आहे म्हणून. पोरगं म्हणतं, हात पोचला नाही. वेळेवर निघाला असता तर पोचला असता. दूर आहे म्हणून त्यानं वेळ आहे असं धरलं, आणि निघायलाच उशीर केला. हा जुना नियम विसरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि या काळात खेळ बिघडल्यासारखा वाटतो. घाबरू नका. कधी ठोकायचं ते अंतरावरून नाही, कानानं आणि कड्यावरून ठरवा.

एकावर एक रचलेले गोल, म्हणजे स्टॅक, हाही नवख्याचा छळ. दोन-तीन गोल एकाच जागी, जरासे सरकवून. वरून एकच दिसतो. उघड्या राहिलेल्या कडेवरून किती आहेत ते मोजायला शिका. खात्री नसेल तर कान सांगेल.

हिडन मॉडबद्दल मतभेद आहेत. त्यात कडं दिसत नाही आणि गोल ठोकण्याआधीच विरून जातो. गर्दीत कडी गुंतून गोंधळ होत असेल तर ती गायब झाल्यानं उलट बरं वाटतं, आणि ताल कानानं धरायची सवय लागते. माझं मत, तीन स्टार आरामात निघेपर्यंत लावू नका. आधी वाचायला शिका, मग अक्षरं पुसा.

हात

पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये हाताच्या हालचालीचा एक नियम मांडला. निशाणाचं अंतर दुप्पट केलं काय किंवा निशाण निम्म्या रुंदीचं केलं काय, हाताला अडचण सारखीच वाढते. म्हणजे लांब उडीत चुकणाऱ्यानं मोठ्या गोलांवर तीच उडी आधी बसवावी, मग गोल लहान करत जावं. डिफिकल्टी अ‍ॅडजस्टमध्ये सर्कल साइझ ३, मग ३.५, मग ४. घाई नको, प्रत्येक पायरीला चार-पाच दिवस द्या.

हालचाली दोन तऱ्हांच्या. स्नॅप म्हणजे सरकी टोबण्यासारखं, जागेवर थांबायचं, ठोकायचं, पुढे जायचं. फ्लो म्हणजे डवरा चालवल्यासारखं, न थांबता गोलांमधून वाहत जायचं. तुटक, टोकदार आकृत्यांना स्नॅप, वळणावळणाच्या आकृत्यांना फ्लो. नवखे सगळीकडे फ्लोच वापरतात आणि उडीत गोलाच्या पलीकडे घसरतात. त्यांना थांबायला शिकवावं लागतं. रिलॅक्स लावून दहा मिनिटं फक्त एवढंच करा, प्रत्येक गोलावर कर्सर क्षणभर स्थिर झालेला दिसला पाहिजे. वेग आपोआप येतो.

लहान हालचाल मनगटातून, मोठी कोपरातून. मनगट दुखायला लागलं की त्या दिवशी बंद. आमच्यातला एक जण दुखणं अंगावर काढत खेळला आणि नंतर पंधरा दिवस त्याला पेनही धरवेना.

ठोका

थोडक्यात सांगतो. ओव्हरऑल डिफिकल्टी, म्हणजे ओडी, ५ असताना पूर्ण गुणांसाठी ठोका नेमक्या क्षणाच्या अलीकडे-पलीकडे सुमारे ५० मिलिसेकंदांत पडावा लागतो, ८ असताना ३२. हे कानाचं काम आहे. आमच्याकडे तुकडोजी महाराजांच्या भजनाला खंजिरी वाजवणारं एक पोरगं येतं. त्याचा ठोका पहिल्या दिवसापासून स्वच्छ होता, झेड-एक्स कुठे आहेत तेही माहीत नसताना. ज्याला असा कान नाही त्यानं ऑटोपायलट लावून रोज दोन गाणी ठोकावीत.

कॉम्प्युटर नसेल तर

लेझर आवृत्ती अँड्रॉइड फोनवर चालते. फोनवर हाताचं काम बदलतं, बोट थेट गोलावर पडतं आणि अंतरही कमी. पण बोटानं आणि पंजानं पुढचे गोल झाकले जातात, म्हणजे हातच डोळ्याला आडवा येतो. फोन हातात धरून अंगठ्यांनी खेळू नका. तो सपाट ठेवा आणि दोन्ही तर्जन्यांनी खालच्या बाजूनं या, पंजा पडद्यावर तरंगू देऊ नका. तरी उजव्या खालच्या कोपऱ्यातले गोल सुटतात. त्या चुका वहीत वेगळ्या मांडा, त्या ना डोळ्याच्या ना हाताच्या.

नुसता डोळाच तयार करायचा असेल तर ओसूतलाच तायको किंवा मेनिया प्रकार खेळा. त्यात निशाण गाठायचंच नसतं, ओळीतून येणाऱ्या खुणा वाचून बटणं दाबायची. मेनियात खुणा सरकायचा वेग आपल्याला ठरवता येतो. नवखे तो कमी ठेवतात आणि खुणा दाटीवाटीनं येतात. थोडा वाढवा, खुणांमध्ये अंतर पडेल. गर्दी आणि वेळ यांचा वर सांगितलेला हिशोब तिथे अगदी उघडा दिसतो.

आठवड्याचा बेत

ज्याचा रकाना जास्त भरला त्याला रोजची वीस मिनिटं, बाकी दोघांना मिळून दहा. त्यानंतर मनाला येईल ते खेळा, नाहीतर पोरं पळतात. रविवारी नवा मॅप घेऊन वहीचं नवं पान. जुन्या मॅपवर मोजणी करू नका, तिथे पाठांतर खोटं बोलतं.

लाईन गेली तर फोनमध्ये साठवलेला एखाद्या चांगल्या खेळाडूच्या खेळाचा व्हिडिओ लावा आणि वर सांगितलेला बोटाचा अभ्यास करा. जूनमध्ये पहिला वादळी पाऊस झाला की आमच्याकडे लाईन कधी येईल ते सांगता येत नाही. त्या आठवड्यात दुकानात अंधारात एका फोनभोवती चार डोकी आणि चार बोटं असतात. त्या माऊसवाल्या पोट्ट्याच्या डोळ्याच्या रेघा अकरावरून चारवर आल्या त्या अशाच एका आठवड्यानंतर, कॉम्प्युटरला फारसा हात न लावता. हाताच्या रेघा मात्र दोनाच्या सहा झाल्या. आता त्याला गोल वेळेवर दिसतात, म्हणून हात कुठे कमी पडतो ते पहिल्यांदाच कळतंय. त्याच्या बेतात मी वीस मिनिटं हाताकडे फिरवली. माऊस अजून जुनाच आहे.